चालू औषधे कोणी विचारणार आहे का?

आज संध्याकाळी दादरला औषधाच्या दुकानात माझ्यापुढे एक वृद्ध गृहस्थ उभे होते. अंगावर नागीण उठली आहे, असायक्लोव्हिर चालू आहे, पण ठणका सोसवत नाही, असे ते स्वतःहून सांगत असताना काउंटरवरच्या मुलाने डायक्लोफिनॅकच्या चार गोळ्या पट्टीवरून कात्रीने कापून त्यांच्या हातावर ठेवल्या. मी मध्ये बोलले, तर 'मावशी, साधी दुखण्याची गोळी आहे,' असे मलाच ऐकवले. अजून माझे डोके शांत झालेले नाही.

अशाच साध्या गोळीने माझ्या आत्याला रुग्णालयात पोचवले होते. असायक्लोव्हिर, 800 मिलिग्रॅम, दिवसातून 5 वेळा, ती अगदी घड्याळ लावून घेत होती. शेजारणीने दिलेली डायक्लोफिनॅक तिने बरोबरीने सुरू केली आणि सारखे उठावे लागू नये म्हणून ऐन मे महिन्यात पाणी पिणे कमी केले. असायक्लोव्हिर शरीराबाहेर टाकतात ती मूत्रपिंडे, आणि डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या त्याच मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतात. त्यात पाणीही कमी पडले की औषध अंगात साचू लागते. आत्या मला माझ्या आईच्या नावाने हाक मारू लागली, तेव्हा घरच्यांनी ते वयावर ढकलले. मूत्रपिंडे नीट चालतात का हे दाखवणाऱ्या रक्ततपासणीतला, म्हणजे क्रिएटिनिनचा, आकडा हातात आला तेव्हा कुठे सगळ्यांचे डोळे उघडले.

दुकानात गर्दी असते, हे मान्य. पण डायक्लोफिनॅक चिठ्ठीवर द्यायचे औषध आहे, आणि 'आणखी काय चालू आहे?' हे विचारायला असा किती वेळ लागतो?

नागिणीचा ठणका काय असतो, हे आत्याच्या उशाशी बसून मी पाहिले आहे, त्यामुळे त्या गृहस्थांना मी दोष देणार नाही. पॅरासिटामॉल मूत्रपिंडांना त्या मानाने सुरक्षित असते, मात्र प्रौढ माणसाने सगळे मिळून दिवसाला 4 ग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि यकृताचा आजार असल्यास मर्यादा डॉक्टरांकडून आणखी खाली ठरवून घ्यावी. डायक्लोफिनॅकच्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉलही मिसळलेले असते. पट्टीच्या कापलेल्या तुकड्यावर नावच अर्धे उरले, तर हे कळणार कसे? पॅरासिटामॉलने भागले नाही, तर नसांच्या दुखण्यावर वेगळी औषधे आहेत. ती डॉक्टरांकडे मागावीत.

हेपॅटायटिस बी साठी वर्षानुवर्षे टेनोफोव्हिर घेणाऱ्यांनाही हाच धोका आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असे माणूस गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफिनॅक घेत असेल, तर उद्याच डॉक्टरांना फोन करून दोन्ही नावे सांगा आणि क्रिएटिनिन कधी तपासायचे ते विचारून घ्या.