साबणाच्या वडीवर विसंबून कलमे वाचत नाहीत

फळझाडे लावणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश सर्वत्र फिरतो आहे. त्याचा आशय असा : हरणांपासून कोवळी झाडे वाचवण्यासाठी जाळी किंवा कुंपणावर खर्च करू नये, झाडाला उग्र वासाच्या साबणाची वडी आणि माणसाच्या केसांची पुरचुंडी टांगली की हरीण तिकडे फिरकत नाही, कधी शेंडे खाल्लेच, तर ती फुकटची छाटणी समजावी, आणि दोन वर्षांत झाड हरणाच्या तोंडाबाहेर जाते, मग काळजी उरत नाही. हा सल्ला मनापासून दिलेला असतो, यात मला शंका नाही. परंतु तो पाळणाऱ्याचे नुकसान लगेच लक्षात येत नाही, दोन-तीन हंगाम उलटल्यावर कळते, म्हणून त्यातले एकेक विधान तपासणे आवश्यक वाटते.

साबणाचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. प्राण्यांच्या चरबीपासून केलेला साबण किंवा नासक्या अंड्यांचे द्रावण यांचा वास हरणांना नकोसा असतो आणि त्यामुळे खाणे काही काळ कमी होते. मात्र टांगलेल्या वडीचा प्रभाव साधारण एक मीटरच्या परिघात राहतो. फवारलेले द्रावण पावसाने धुऊन जाते, आणि फवारणीनंतर आलेल्या पालवीवर ते मुळीच नसते. हरणाला तर सर्वांत आधी तीच कोवळी पालवी हवी असते. केसांचा भरवसा याहूनही कमी. मुख्य म्हणजे वासामुळे हरीण पळून जात नाही, जवळपास दुसरा चारा असेल तर ते तिकडे वळते एवढेच. चारा संपला की तेच हरीण साबणाच्या वडीशेजारची फांदी खाते, आणि रोज येणाऱ्या हरणाला काही दिवसांत त्या वासाची सवयही होते. जो कोणी दोन आठवड्यांचा अनुभव सांगून ‘उपाय लागू पडला’ म्हणतो, त्याने टंचाईच्या दिवसांत तीच झाडे पुन्हा पाहावीत.

‘फुकटची छाटणी’ या शब्दप्रयोगाने मात्र मला खरोखर वाईट वाटते. छाटणी करणारा माणूस कोणता डोळा ठेवायचा, फांदी कोणत्या दिशेला वाढवायची हे पाहून धारदार कात्रीने काप घेतो. हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते फांदी खालच्या दातांत धरून ओढून तोडते, त्यामुळे टोक चिंध्या झाल्यासारखे फाटलेले राहते. (सशाने कुरतडलेली फांदी सुरीने तिरकी कापल्यासारखी स्वच्छ दिसते, बागेत नेमके कोण येऊन गेले हे यावरून ओळखता येते.) मधला शेंडा गेला की त्याच्या जागी दोन-तीन फुटवे चढाओढीने वाढतात आणि झाडाचा सांगाडाच बिघडतो. सफरचंद आणि नासपतीच्या झाडांवर पुढील वर्षीच्या फुलांचे डोळे आधीच्या उन्हाळ्यात तयार होतात. हिवाळ्यात ते खाल्ले गेले, तर पुढच्या वर्षीचे फळ तिथेच संपते. कलमी झाडाचा धोका तर आणखी मोठा आहे. जोडाच्या वरचा भाग पुरता खाल्ला गेला, तर नंतर येणारे धुमारे खुंटाचे, म्हणजे ज्या मुळाकडच्या रोपावर कलम बांधले त्याचे, असतात. झाड जगलेले दिसते, पण आपण लावलेली जात तिथे उरलेली नसते.

या संदेशात एका नुकसानीचा उल्लेखच नाही, आणि झाडाच्या जिवाला खरा धोका तिचाच असतो. नर हरणे शिंगांवरची मखमली कातडी काढण्यासाठी आणि माजाच्या काळात आपली खूण ठेवण्यासाठी खोडावर शिंगे घासतात. त्यासाठी त्यांना मनगटाएवढी किंवा त्याहून बारीक, गुळगुळीत खोडे आवडतात, म्हणजे नेमकी कोवळी फळझाडे. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते. साल खोडाभोवती पूर्ण सोलली गेली की मुळांची उपासमार होते आणि झाड हळूहळू वाळते. हा नर तिथे खायला आलेला नसतो, त्यामुळे चवीने किंवा वासाने त्याला परावृत्त करण्याचा हिशेब इथे लागूच होत नाही.

दोन वर्षांच्या मुदतीचे काय? युरोपातल्या हरणांपैकी रो जातीचे लहान हरीण सुमारे १.२ मीटरपर्यंत, मध्यम आकाराचे फॅलो हरीण १.५ मीटरपर्यंत आणि लाल हरीण १.८ मीटरपर्यंतचा पाला खाते. उंच वाढणारे झाड ही मर्यादा कधीतरी ओलांडते. पण बुटक्या खुंटावरचे सफरचंद आयुष्यभर अडीच-तीन मीटरचेच राहते आणि त्याच्या फळधारी फांद्या कायम हरणाच्या आवाक्यात असतात.

खर्चाची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. मात्र थोडी झाडे असतील तर सगळ्या बागेला कुंपण लागत नाही. प्रत्येक झाडाभोवती १.५ ते १.८ मीटर उंच आणि निदान एक मीटर व्यासाचा वेल्ड केलेल्या तारजाळीचा पिंजरा, मजबूत खुंट्यांना बांधलेला, पुरेसा होतो. व्यास कमी ठेवला तर हरीण बाहेरूनच फांद्या ओढते, आणि खुंट्या कच्च्या असतील तर पिंजराच झाडावर ढकलते. सशांसाठी बांधतात तसल्या गुडघाभर उंचीच्या वेष्टनाचा इथे उपयोग नाही. झाडे पुष्कळ असतील, तर सुमारे २.४ मीटर उंचीचे कुंपण हवे. त्याची खालची कड जमिनीला टेकलेली असावी, कारण उडी मारण्याआधी हरीण बहुधा खालून शिरण्याची वाट शोधते.

हाताशी साबण असेल, तर जाळी येईपर्यंतच्या थोड्या दिवसांसाठी तो जरूर टांगावा. खुंट्या मात्र कलम लावायच्या दिवशीच ठोकाव्यात, म्हणजे नंतर वाढलेल्या मुळांना इजा होत नाही आणि पहिली रात्रही उघडी जात नाही.