ऑन-रोड म्हणजे नेमकं किती?

पहिली मोटरसायकल घ्यायची म्हटलं की गल्लीतला प्रत्येक माणूस मेकॅनिक होतो. सगळ्यांचा एकच प्रश्न, "ॲव्हरेज किती देते?" पाय जमिनीला टेकतात का, वजन झेपतं का, हे कुणी विचारेल तर शपथ! त्यात एक काका हमखास, "पासिंग कोल्हापूरला कर, टॅक्स वाचतो." अहो काका, राहायचं बेळगावच्या वडगावात आणि नंबर कोल्हापूरचा एमएच ०९? बारा महिन्यांवर गाडी इथं ठेवली की कर्नाटकाचा केए २२ करून घ्यावाच लागतो.

पण खरी खदखद शोरूमच्या इन्शुरन्सची. ऑन-रोड, म्हणजे टॅक्स-विम्यासकट गाडी हातात पडेपर्यंतच्या किमतीच्या, कोटेशनवर 'इन्शुरन्स' अशी एकच ओळ आणि पुढं भला मोठा आकडा. फोड मागितली की, "सगळं कंपल्सरी आहे सर." काय कंपल्सरी? सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा विमा, तो कंपल्सरी. त्याचा दरही सरकारी. २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये, १५० ते ३५० ला ७,३६५, वर जीएसटी. मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आधीच असेल तर तो परत घ्यायची गरज नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक, कुठल्याही कंपनीकडून घ्या. त्यात झीरो डेप, म्हणजे सुट्या भागांच्या भरपाईत घसारा न कापणारी जोड, घ्यावा, नवशिका गाडी पाडणारच. पण विचारून घाला की रे!

"बाहेरून विमा आणला तर डिलिव्हरी लांबेल सर."

लांबू दे.