वॉटचा आकडा आणि स्नेअरचा फटका

नमस्कार. तुमचा आक्षेप नीट वाचला. स्पीकरवर २० ते २०,००० हर्ट्‌झ छापलेलं आहे, जोडीला १०० वॉटचा अँप्लिफायर आहे, मग ड्रम हुबेहूब वाजलेच पाहिजेत; 'घरच्या यंत्रणेवर ड्रम पांगळे वाटतात' हे माझं म्हणणं म्हणजे महागड्या वस्तूंची भलामण, असं तुम्ही लिहिलंय. भलामण मला करायचीच नाही. पण तो हर्ट्‌झचा आकडा इथे फारसा कामाचा नाही, हे मी पुन्हा म्हणेन.

त्यावरून स्पीकर किती खालचे आणि किती वरचे स्वर काढतो एवढंच कळतं. ड्रमचं दुखणं वेगळं आहे. स्नेअरवर (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या चपट्या ड्रमवर) काठी पडली की आवाज काही मिलिसेकंदांत टोक गाठतो आणि लगेच उतरायला लागतो. वाद्याजवळ उभं राहिलं तर जोरकस फटक्याचं हे टोक १२० डेसिबलच्या (आवाजाच्या जोराचं माप) घरात जातं.

आता तुमच्याच १०० वॉटचा हिशेब करू. घरगुती स्पीकर १ वॉटला १ मीटरवर साधारण ८६ डेसिबल देतो. पुढच्या दर १० डेसिबलला वॉट दहापट लागतात. म्हणजे १०० वॉटला १०६ आणि ११६ साठी तब्बल १००० वॉट! तुम्ही बसता ३ मीटरवर, तिथे आवाज आणखी पडतो. शिवाय इतकी वीज स्पीकरला सोसतही नाही. व्हॉइस कॉइल, म्हणजे स्पीकरचा पडदा हलवणारी तारेची गुंडाळी, १०० अंशांनी तापली तर तांब्याचा रोध जवळजवळ ४० टक्के वाढतो, आणि फटका तिथेच दबतो.

'एवढ्या मोठ्याने ऐकतो कोण?' हे तुमचं म्हणणं रास्त आहे. पण सरासरी १ वॉटवर गाणं चालू असताना २० डेसिबल उंच फटका आला, तर त्या क्षणाला १०० वॉट लागतात. तुमचा अँप्लिफायर तिथेच संपला. घरी करून बघा: आवाज हळूहळू वाढवत न्या. एका टप्प्यानंतर गायकाचा आवाज पुढे येत राहतो आणि स्नेअर मात्र जागचा हलत नाही. तुमच्या यंत्रणेचं छत ते.

यासाठी रेकॉर्डिंग मात्र निवडून घ्या. मिक्सिंग-मास्टरिंग करतानाच, म्हणजे रेकॉर्डिंगला अंतिम रूप देतानाच, लिमिटर (ठरावीक पातळीवरचा आवाज दाबणारं साधन) लावून टोकं छाटलेली असतील, तर ती कुठलाच स्पीकर परत आणू शकत नाही.

बेस ड्रमच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) बाबतीत तर खर्चाआधी खुर्ची हलवून पाहा. ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्‌झच्या आसपास ध्वनीची लाट भिंतींवरून परतून जागच्या जागी उभी राहते. एका जागी नुसती घुमघुम, दोन पावलांवर ठोकाच गायब.

आणि बदलायचंच असेल तर अँप्लिफायर नको, स्पीकर बदला. १ वॉटला ९६ डेसिबल देणारा स्पीकर तुमच्या त्याच १०० वॉटवर ११६ पर्यंत जातो. त्याची पेटी बरीच मोठी असते, ही अडचण खरी.