पाच रुपयांची अहिराणी

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एरवी वाढदिवसाला केक टाकतो आणि कुणी गेलं की जोडलेले हात. कापसाचा भाव, लाइटीचं वेळापत्रक, बोरी नदीला पाणी आलं का, हे सगळं रात्री अंथरुणात पडून वाचतो आणि गप्प बसतो. जूनमध्ये एक मेसेज आला आणि गप्प बसणं जमलं नाही.

अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या पालकांनी बैठक घेऊन ठरवलं होतं की इंग्रजीच्या तासाला जे पोर अहिराणी बोलेल त्याने डब्यात पाच रुपये टाकायचे. वर्षाअखेरी त्याच पैशांतून बक्षिसं. खाली चौदा अंगठे. त्यात अंगठेबहाद्दर कुणी नव्हतं, सगळे डिग्रीवाले.

चार-पाच दिवस आधी, ११ जूनला, याच ग्रुपवर साने गुरुजींच्या पुण्यतिथीचे हार घातलेले फोटो होते. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात सहा वर्षं शिकवत होते, हे आमच्याकडे पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात. आणि २०२५च्या जूनमध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून राज्यात रान पेटलं, सरकारला महिनाअखेरीस आपलेच निर्णय मागे घ्यावे लागले, तेव्हा हेच चौदा जण मायमराठीसाठी तलवार उपसून उभे होते. मायमराठी वाचली. आता मायच्या बोलीला दंड.

या दंडामागे खरं दुखणं दुसरंच होतं, तेही मेसेजमध्ये होतं. दुसरीच्या मॅडम शिकवत नाहीत, पोरं नाचवतात. वह्या कोऱ्या असतात. काय शिकलास विचारलं तर पोरगं म्हणतं, बाजार बाजार खेळलो. एका नानांनी लिहिलं, ‘नाचून कोणी कलेक्टर झालं का?’

त्या मॅडमचा तास मी पाहिलाय. मी राहतो वेल्समध्ये, कार्डिफला. फेब्रुवारीत पोरीच्या शाळेच्या हाफ टर्मच्या सुट्टीत आठ दिवस गावी होतो तेव्हा. गेलो होतो शाळेला पंखा द्यायला, फोटोबिटो होणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून, आणि दीड तास वऱ्हांड्यातच बसून राहिलो.

तिथे सुतळी बांधलेली होती आणि तिला कपड्यांच्या चिमट्यांनी रिकामी पाकिटं लटकवलेली. पार्ले-जी, मॅगी, शॅम्पूच्या पुड्या, सरकीच्या बियाण्याची पिशवी, मोबाइलच्या खोक्याचं झाकण. पोरांनीच घरून आणलेला कचरा. मॅडम म्हणाल्या, “फाइंड एम!” एकाने मॅगीवर झडप घातली. दुसऱ्याने मोबाइलचं खोकं उलटं करून ‘मेड इन इंडिया’ शोधलं. तिसरा जागचा हललाच नाही. त्याने शर्टाची कॉलर मागून ओढून आतली चिठ्ठी दाखवली. त्यावर साइज होता, एम. शर्ट थोरल्या भावाचा असणार, गुडघ्याला लागत होता.

मग बाजार भरला. वांगी खरी, मिरच्या खऱ्या, नोटा कागदाच्या. एक पोरगी विकायला बसली, दुसरी पिशवी घेऊन आली.

“हाऊ मच?”

“टेन रुपीज.”

“टू मच!”

इथवर पाठ होतं. पुढे घासाघीस करायची तर इंग्रजी संपलं. गिऱ्हाईक कमरेवर हात ठेवून म्हणालं, “आठमा दे ना वं!” मॅडमनी डोळे वटारले नाहीत. त्या तिच्या कानाशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “गिव्ह इट फॉर एट.” पोरीने तेच म्हटलं, त्याच ठसक्यात, कमरेवरचा हात न काढता. वांगेवालीने मान हलवली, “नो!” आणि थोडं थांबून, कुणी न सांगता, “नाइन.”

त्या ‘नाइन’साठी मी मॅडमच्या पाया पडलो असतो.

पोराला आधी काहीतरी म्हणायचं असावं लागतं. ते त्याला त्याच्याच बोलीत सुचतं. जीभ शिवशिवत असताना इंग्रजी वाक्य हाती दिलं की ते चिकटतं, कारण गरज आधी आलेली असते. पाच रुपयांचा डबा ठेवला की पोरगी ‘टू मच’ म्हणून गप्प बसेल, वांगी दहालाच जातील आणि बैठकीतल्या पालकांना वाटेल, वर्गात शिस्त आली.

अक्षरांचंही तसंच. मॅडम आधी एस, टी, एम अशी नावं पाठ करून घेत नाहीत, आवाज देतात. एस म्हणजे सायकलच्या पंक्चर ट्यूबमधून सुटणारी हवा. टी म्हणजे विहिरीवरच्या स्टार्टरचं बटण. एम म्हणजे भाकरी तोंडात असताना हाक मारली तर निघतो तो हुंकार. असे चार-सहा आवाज हाताशी आले की पोर ‘सॅट’ आणि ‘मॅट’ स्वतः जोडून वाचतं. माझी पोरगी इथे कार्डिफला रिसेप्शनमध्ये, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, पहिल्या आठवड्यात अगदी हेच शिकून आली होती. फक्त तिच्या शाळेत त्यासाठी गुळगुळीत रंगीत कार्डं आणि एक साप होता, कापडी, बोलका, बॅटरीवाला. पंक्चर ट्यूब त्याच्यापेक्षा भारी.

आणि एक गोष्ट या दंडवाल्यांच्या लक्षात आलेली नाही. इंग्रजीत ळ नाही, ण नाही. अहिराणीतही जवळपास नाहीच. आमचा डोळा ‘डोया’ होतो आणि पाणी ‘पानी’. पुणेरी पोराला इंग्रजीत निरुपयोगी अशी दोन अक्षरं जास्त येतात, एवढंच! हा विनोद मी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत केला, कोणी हसलं नाही.

मी स्वतः इंग्रजी पाहिलं पाचवीत. राज्यात ते पहिलीपासून आलं २००० साली, तोवर आम्ही कॉलेजच्या वाटेला लागलो होतो. आमची पद्धत म्हणजे कोरस. सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. बी यू टी बट, तर पी यू टी पुट कसं, हे मी एकदाच विचारलं. पुढची दोन वर्षं काहीच विचारलं नाही. दहावीला इंग्रजीत ७८ पडले, आबांनी गावात पेढे वाटले, आणि ते ७८ घेऊन मी इथल्या बसमध्ये चढलो तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, “व्हेअर टू, लव्ह?” मी तिकीटच न काढता आत जाऊन बसलो. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात एकाने सांगितलं, “आय विल डू इट नाऊ, इन अ मिनिट.” आत्ता की मग? एवढं विचारायचं इंग्रजीसुद्धा मला कोरसमध्ये मिळालं नव्हतं.

तो सहकारी वेल्समधल्याच रोंदा खोऱ्यातला. तो डायरेक्टरशीही तसंच बोलतो, खोऱ्यातलं इंग्रजी, हेल काढून. मी पुण्यात हॉस्टेलला पहिल्या दिवशी ‘मना डबा’ म्हणालो होतो, म्हणजे माझा डबा. पुढची चार वर्षं माझं नाव मना होतं. म्हणून तो पाच रुपयांचा डबा वाचून माझ्या पोटात कालवाकालव झाली. तो दंड मी भरलेला आहे, चार वर्षं, आणि रुपयांत नाही.

मी ग्रुपवर उत्तर लिहायला घेतलं. मोठं लिहिलं, फोटोसकट. फोटो कार्डिफच्या सेंट फेगन्स म्युझियममधला, एका पावसाळी रविवारी काढलेला. म्हणजे कुठल्याही रविवारी. तिथे लाकडाचा एक छोटा तुकडा आहे, त्यावर डब्ल्यू आणि एन कोरलेलं. वेल्श नॉट. एकोणिसाव्या शतकात इथल्या काही शाळांत वेल्श, म्हणजे वेल्सची मूळ भाषा, बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात तो अडकवत. दुसरं कुणी बोलताना सापडलं की तो त्याच्या गळ्यात जायचा. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याने मार खायचा. पोरांवर पोरांचीच पाळत! आई-बापांचा विरोध होता असंही नाही, पुष्कळांना वाटायचं इंग्रजी आलं तरच पोटाला मिळेल. मी लिहिलं, २०२१च्या जनगणनेत वेल्श येणारे उरले १७.८ टक्के, साधारण ५ लाख ३८ हजार, आणि आता सरकार २०५०पर्यंत ते १० लाख करायला धडपडतंय. शाळेत घालवायला सोपं, परत आणायला पिढ्या लागतात, वगैरे.

पुढे माझ्या पोरीच्या शाळेचं वर्णन केलं. रोज सकाळी एक पोर ‘हेल्पुर हेदिउ’ होतं, म्हणजे आजचा मदतनीस. ते पुढे उभं राहून वेल्शमध्ये वर्गाला विचारतं, कसे आहात, आज वार कोणता, हवा कशी. दहा मिनिटं, पुस्तक नाही, वही नाही. मैदानावर कुणी आपणहून वेल्श बोलताना ऐकू आलं तर त्याला टोकन मिळतं. पोरं ती टोकनं जपून ठेवतात. हे मी ठळक अक्षरांत लिहिलं, बोलल्याबद्दल मिळतं, काढून घेत नाहीत. आणि आमच्या कोपऱ्यावरच्या वेल्श माध्यमाच्या शाळेत सात वर्षांपर्यंत इंग्रजी नाही शिकवलं तरी चालतं, पोरं तरीही दोन्ही भाषांत तयार होऊन बाहेर पडतात.

मैदानावर टोकनवाल्या बाई लांब गेल्या की सगळी पोरं इंग्रजीत बोलतात, हे नाही लिहिलं. इथे वर्गाबाहेर पाऊल टाकलं की दुकानात, बसमध्ये, टीव्हीवर इंग्रजीच आहे, आमच्या गावात ते फक्त त्या तासापुरतं, हेही गाळलं. उत्तर जमून आलं होतं, बिघडवायचं कशाला.

तीन अंगठे आले. एक जोडलेले हात. एकाने विप्रो काढली. आमच्याकडे वाद कुठलाही असो, विप्रो येतेच, कारण १९४५ साली ती अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्यातून सुरू झाली. म्हणे, कंपनी इथली आणि नोकरीला आपली पोरं का नाहीत, तर इंग्रजी नाही म्हणून. यावरही माझ्याकडे उत्तर होतं. मी टाइप करत होतो तेवढ्यात चुलतभावाचा मेसेज आला. त्याचा पोरगा पिवळ्या बसने तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला जातो.

‘भाऊ, तू तठे बशीसन सांगी रहायना. तुनी पोर कोनती शायमा जास?’

अख्ख्या वादात अहिराणीत लिहिणारा तो एकटाच. मी सात परिच्छेद लिहिले होते, प्रमाण मराठीत, अनुस्वार तपासून.

पोर कोणत्या शाळेत जाते? दोन शाळा घरापासून सारख्याच अंतरावर होत्या. वेल्श माध्यमाची आम्ही बघून आलो होतो. मुख्याध्यापिकेने तासभर फिरवलं, आम्हाला दोघांनाही ती आवडली. गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, “इंग्रजी मागे पडलं तर?” ती सांगलीची, तिच्यावर ढकलण्यात अर्थ नाही. तिने मोठ्याने म्हटलं, माझ्या मनात तेच चाललं होतं. कार्डिफमध्ये! जिथे भिकारीसुद्धा इंग्रजीत मागतो, तिथे माझ्या पोरीचं इंग्रजी मागे पडेल या भीतीने आम्ही इंग्रजी शाळेचा फॉर्म भरला. चुलतभावाची भीती माझ्यापेक्षा खरी आहे. त्याच्या पोराला पिवळ्या बसबाहेर इंग्रजी मिळणार कुठे?

त्याला मी काही उत्तर दिलं नाही. डब्याचं पुढे काय झालं तेही ग्रुपवर कुणी लिहिलं नाही. मॅडमची बदली होणार आहे असं कळतं, ती एरवीही झालीच असती म्हणतात.

त्या रविवारी मायचा व्हिडिओ कॉल. पोरगी समोर बसली. मायने विचारलं, “जेवनी का वं?” हे पोरीला कळतं, दर आठवड्याला असतं. मग मागच्या खिडकीकडे बघून माय म्हणाली, “पानी पडी रहायनं का तठे?”

पोरीने माझ्याकडे पाहिलं. नंतर मायचं बोट दिसलं, तिनेही खिडकीकडे पाहिलं, आणि हवेबद्दल विचारलंय एवढं ओळखून शाळेत पुढे उभी राहते तशी हात मागे बांधून म्हणाली, “माएन बुरु ग्लाउ.”

“काय म्हनस ती?”

मी म्हणालो, “पाऊस पडतोय म्हणतेय. वेल्शमध्ये.”

मायशी मी असा छापील मराठीत कधीपासून बोलायला लागलो, पुण्यापासून की त्याच्याही आधीपासून, मला आठवेना. मायला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. तिला फक्त ‘वेल्श’ ऐकू आलं नव्हतं. तिने पुन्हा विचारलं, आणि या वेळी पोरीकडे बघून, सावकाश, खिडकीकडे बोट करून, “पानी. पडी. रहायनं.”