लसणाने कुत्र्याच्या गोचिडी जात नाहीत

पावसाळा लागला की कुत्री पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर 'कुत्र्याला पिशवीतलं विष (म्हणजे विकतचं तयार खाद्य) देऊ नका' हा मेसेज फिरायला लागतो. त्यातले सल्ले असे: रोज लसणाच्या चार पाकळ्या द्या, गोचिडी गळून पडतील. ताकदीसाठी मूठभर मनुका द्या. दूध-भाकरी हाच पूर्ण आहार. कॅल्शियमसाठी चिकनची शिजलेली हाडं घाला. हे सगळं वाचून माझ्या आत्याने तिच्या पॉमच्या (पॉमेरेनियन कुत्र्याच्या) भाकरीत ठेचलेला लसूण कालवायला सुरुवात केली, आणि वर मलाही तो मेसेज पाठवला. म्हणून हे लिहितेय.

आधी लसूण. लसूण, कांदा, कांद्याची पात, सगळे एकाच कुळातले. त्यांच्यातले गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा करतात आणि त्या पेशी फुटायला लागतात. शिजवून किंवा वाळवूनही हा धोका जात नाही. होक्काइडो विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्र्यांना वजनाच्या किलोमागे 5 ग्रॅम लसणाचा अर्क सात दिवस दिला. तो अभ्यास 2000 साली 'अमेरिकन जर्नल ऑफ व्हेटरनरी रिसर्च'मध्ये आला. हिमोग्लोबिन उतरलं, आणि सगळ्यात खाली गेलं ते नवव्या ते अकराव्या दिवशी, म्हणजे लसूण बंद केल्यानंतर. चार दिवस देऊन 'आमच्याला काही झालं नाही' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं. लसूण असलेलं अन्न कुत्र्यांना देऊ नये, असा त्या संशोधकांचा स्पष्ट निष्कर्ष आहे.

त्या प्रयोगात एकाही कुत्र्याला उघड अ‍ॅनिमिया झाला नाही, हे खरं. वीस किलोच्या लॅब्रेडॉरला त्या हिशेबाने 100 ग्रॅम लसूण लागेल, तेवढा कोणी घालत नाही, हेही खरं. पण आत्याचा पॉम तीन किलोचा आहे. त्याच्यासाठी तो आकडा 15 ग्रॅम होतो, आणि मोठ्या गड्ड्याच्या चार पाकळ्या जवळपास तेवढ्याच भरतात. शिवाय प्रयोग सात दिवसांत थांबला होता. मेसेज 'रोज द्या' म्हणतो.

आणि हे सगळं कशासाठी, तर गोचिडींसाठी! गोचिडीतून येणारा बबेसिया हा परजीवी तांबड्या पेशींतच शिरतो आणि त्याच फोडतो. म्हणजे ज्या कुत्र्याला गोचीड-ताप होण्याची भीती, त्याचंच रक्त आपण आधीपासून कमी करायचं? लसणामुळे मालक निर्धास्त होतो, खरं औषध राहून जातं, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं. डॉक्टरांनी वजन बघून दिलेली गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध, आणि भिंतीच्या फटींची सफाई. गोचिडींवर उपाय हाच.

मनुका तर अजिबात नकोत. द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती दाण्यांनी होईल याचा भरवसा देता येत नाही. यामागे टार्टारिक आम्ल असावं, असं अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्राच्या तज्ज्ञांनी 2021 मध्ये मांडलं. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, तेव्हा आमटी-सांबारही नको.

दूध-भाकरीबद्दल थोडं मान्य करावं लागेल. 2013 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या स्वीडिश संशोधनानुसार पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. भाकरी त्याला पचते. पण पचणं वेगळं आणि पुरणं वेगळं. भाकरीत प्रथिनं कमी पडतात, आणि फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फारच थोडं. वाढत्या पिल्लाची हाडं अशाने मऊ पडून पाय वाकतात. दूधही बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना जुलाब लावतं. घरचं खाणं जरूर द्या, मात्र त्यात अंडी किंवा मांस हवं, आणि कॅल्शियम किती घालायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पिशवीतलं सगळंच खाद्य चांगलं असतं असं नाही, पण वयानुसार 'संपूर्ण आहार' म्हणून बनवलेल्याला सरसकट विष म्हणणं हा खोटेपणा आहे.

शिजलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होतात, ते घशात अडकतात, आतडं फाडतात. यावर वाद घालायलाही काही नाही.

ज्यांनी लसूण घालून झालाय त्यांनी आता बंद करा आणि दहा-बारा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा. हिरड्या फिक्या पडल्या, लघवी गडद तपकिरी झाली, थोडं चालून धाप लागली, तर लगेच डॉक्टरांकडे न्या आणि लसूण किती घातला ते न लपवता सांगा. मनुका खाल्ल्या असतील तर मात्र लक्षणांची वाट बघू नका, त्याच तासाला निघा.