नियम म्हणे सर्वांना सारखा

करोनामुळे निर्बंध असलेल्या मुंबईच्या लोकल १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत सर्वांसाठी खुल्या झाल्या आणि लगोलग आमच्या कंपनीचा मेल आला की, सुरक्षिततेची चोख व्यवस्था केलेली असून सर्वांनी कार्यालयात हजर राहावे. ही चोख व्यवस्था करताना आपल्या पगारपत्रकावर एक पूर्ण अंध कर्मचारीही, म्हणजे मी, आहे, याची आठवण कोणालाही झालेली दिसत नाही.

उभे राहण्याच्या जागा जमिनीवर रंगवलेल्या वर्तुळांनी दाखवल्या आहेत. ती पांढऱ्या काठीला कशी कळावीत? लिफ्टच्या बटणांवर प्लॅस्टिकचा जाड कागद असा चिकटवला आहे की खालचे ब्रेल बोटांना लागतच नाही, आणि बटणाला हात लागू नये म्हणून शेजारी थर्माकोलच्या तुकड्यात टूथपिक खोचून ठेवल्या आहेत. बटण कुठे आहे हेच ज्याला स्पर्शाशिवाय कळत नाही, त्याने ती टूथपिक कुठे टोचायची? पायाने दाबायचा सॅनिटायझरचा स्टँड शोधायला आधी सगळी भिंत चाचपावी लागते. एखाद्या सहकाऱ्याचे कोपर धरून चालावे, तर ‘सहा फूट अंतर ठेवा’ म्हणून सुरक्षारक्षक ओरडतो. अर्थात त्याला जे पढवले आहे तेच तो बोलणार.

बरे, माझे काम घरून अडते असेही नाही. संगणक, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर आणि फोन एवढ्या भांडवलावर लॉकडाऊनपासून मी ते बिनतक्रार करत आलो आहे. तरीही घरूनच काम करू द्या अशी विनंती केली, तेव्हा मनुष्यबळ विभागाने ‘नियम सर्वांना सारखा’ म्हणून मला वाटेला लावले. केंद्र सरकारने आपल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांना २०२० मध्येच कार्यालयातील हजेरीच्या पाळ्यांतून सूट दिली होती. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २१ नुसार खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण, म्हणजे दिव्यांगांसाठी काय सोयी करणार ते, जाहीर करावे लागते. आमचे धोरण कुठे आहे, असे विचारले तर उत्तर नाही.

या सगळ्यावर कडी म्हणजे मेलसोबत जोडलेले हमीपत्र. ‘वरील सर्व सूचना मी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत’ असे त्यात असल्याचे बहिणीने वाचून सांगितले, कारण कागदाचा फोटो काढून पाठवलेला तो मजकूर स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. ते हमीपत्र मी सही न करताच परत पाठवले आहे आणि मला वाचता येईल अशा स्वरूपात, समान संधी धोरणासह, लेखी मागितले आहे.