वॉकओव्हर आला की गोलफरक फसतो

'सांगलीच्या फुटबॉल लीगमध्ये गुण समान झाले तर गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) हाच न्याय्य निकष' हे लेखातलं म्हणणं पटलं नाही. हौशी क्लबांत कारखान्याची पाळी, परीक्षा, लग्नसराई आली की खेळाडू कमी पडतात. ७ पेक्षा कमी असले तर नियमाने सामनाच सुरू होत नाही आणि वॉकओव्हर, म्हणजे समोरच्याला न खेळता मिळालेला विजय, सहसा ३-० धरतात. मग तोच दुबळा संघ ८ जणांवर सापडला की एक क्लब त्याला ९-० हाणतो, दुसऱ्याला मात्र तीनच गोल मिळतात. यात कसला न्याय? आधी आपसातल्या सामन्याचा निकाल बघा, मग गोलफरक.

आणि एखाद्या क्लबने अर्ध्यात लीग सोडली तर त्याचे झालेले सगळे निकाल रद्द करावेत. हे सामन्यांचं वेळापत्रक काढण्याआधीच लेखी द्या.